उसवण-शिवण

इथल्या बोलीत घराला ‘का’ म्हणतात.
का मोरेर.
सातशे वर्षं पाण्यात पाय सोडून बसलेला प्रश्न.
दारावर पाटी नाही,
दगडात कोरलेली तुतीची एक फांदी आहे,
तिचीही पानं मिठाने खाल्लेली.

मेनेगो ओहोटीला येतो, होडी कडीला अडकवतो
आणि आधी पायऱ्या मोजतो. सहा.
त्याचा बाप आठ मोजायचा.
‘मग उरलेल्या?’
‘त्या आता खेकड्यांच्या नावावर.’

कालव्याकडून घर नटलेलं.
खाली झकारियाने बांधलेल्या कमानी, उंच मानेच्या,
पूर्वेच्या बंदरांतून डोळ्यांत साठवून आणलेल्या;
वर त्याच्या नातवाने चढवलेली टोकदार रांग,
दगडच, पण क्रोशाच्या सुईने विणावा तसा.
गल्लीकडून या, तर नुसती वीट.
गिलावासुद्धा नाही.
पाहुणे होडीतून यायचे,
मागच्या दाराने फक्त जळण, पाव आणि सावकार.

आणि हा सगळा डोलारा चिखलावर.
डोंगरातून नदीने वाहत आणलेली खोडं,
पुरुषभर, दोन पुरुष लांब,
एकेक ठोकताना वीस जण एका सुरात ओरडायचे,
शेवटच्या अक्षरावर घाव.
हवा लागली असती तर कधीच कुजली असती.
गुदमरली म्हणून टिकली.

वरच्या सज्जात सात खांब.
सहांच्या माथ्यावर पानं, डाळिंबं, एक चिमुकलं कुत्रं.
सातवा कोरा.
छिन्नीने आखणी केलीय, पुढे काही नाही.
मधल्या बुटक्या मजल्यावर हिशेबाची खोली,
तिथल्या वहीत एक ओळ:
‘तोनेलो पाथरवट, शेवटचा हप्ता. तूर्त थांबवणे.’
मिऱ्यांची गलबतं त्या साली आलीच नाहीत.
पुढल्या साली आला तो प्लेग.
ओर्सेताने, मोरेरांच्या विधवेने,
पाण्याकडचा दरवाजा विटांनी चिणून घेतला
आणि टोपलीला दोर बांधून
चौदा महिने अंडी, कांदे आणि बातम्या वर ओढल्या.
टोपली खाली सोडताना ती कुणाचं नाव विचारायची,
ते वहीत नाही.

नव्या मालकिणीला सातवा खांब कोरून हवाय.
‘बाकीच्यांसारखा,’ तिने फोनवर सांगितलं.
मेनेगो म्हणाला, ‘बघू.’
त्याची मुलगी बेत्ता चुना कालवता कालवता हसली.
बापाच्या ‘बघू’चा अर्थ तिला माहीत आहे.

सध्या काम गोदामाच्या भिंतीचं.
वातीत तेल चढावं तसं विटेत मीठ चढतं,
कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत,
आणि एका सकाळी वीट पिठासारखी सांडते.
कुजलेली एक काढायची, चांगली एक बसवायची,
भिंतीला कळू द्यायचं नाही.
हे लोक याला उसवण-शिवण म्हणतात.
घाई केली, एकदम हातभर उसवलं,
तर शिवायला भिंतच राहत नाही.

परवा अशीच एक काढली
आणि मागच्या पोकळीतून काळे मणी घरंगळले.
नऊ.
मिरे होते ते. कुठल्या तरी फाटक्या पोत्यातले,
कुठल्या तरी हिरव्या किनाऱ्यावरचे,
जिथे या घरातलं कुणीच कधी गेलं नाही.
बेत्ताने एक दाताखाली धरला.
‘तिखट?’
ती बराच वेळ चावत राहिली.
‘नाही. खारट.’

उरलेले आठ मेनेगोने वेचले,
होते तिथे परत ठेवले.
नव्या विटेच्या आतल्या अंगाला खिळ्याने काहीतरी ओढलं,
मला दिसू न देता,
आणि वीट ओल्या चुन्यात दाबून बसवली.

तोवर भरती लागली होती. सहाच्या पाच.
होडी सोडताना त्याने मान वर केली,
त्या कोऱ्या खांबाकडे बघत म्हणाला,
‘आधी तोनेलोचे पैसे द्या म्हणावं.’